उपासमारीच्या बातम्या वाचवत नाहीत. आपल्यासारख्यांनी नेमकं काय करावं?

मेघना_आर

सुदानच्या बातम्या वाचतेय आणि त्या डोक्यातून जात नाहीत. तिथल्या गृहयुद्धात अल-फाशर शहराला दीड वर्षाच्या आसपास वेढा होता. आतली माणसं शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारी पेंड खात होती, जनावरांपुढे टाकतात ती. पुढे पुढे तीही मिळेनाशी झाली. हे वाचलं त्या दिवशी मला डबा खाववेना. आणि डबा न खाऊन कुणाचं काय भलं होणार, हाही विचार पाठ सोडेना.

ऑफिसात आम्ही काही जण मिळून काहीतरी करायचं म्हणतोय, पण चर्चेचं गाडं पुढे सरकत नाही. एकीचं म्हणणं, कपडे, दूध पावडर, बिस्किटं गोळा करून पाठवू या. एकाचं म्हणणं, फक्त पैसे द्या. तिसरा म्हणतो, तिथं लढाई चालू आहे, काहीही पाठवलं तरी ते बंदूकवाल्यांच्याच घशात जाणार. मला यातलं कुणीच पूर्ण चुकीचं वाटत नाही, म्हणून जास्तच गोंधळ उडालाय.

वस्तू की पैसे? दिले तर कुणाला, आणि तो माणूस खरा आहे हे कसं ओळखायचं? आमच्या चिमूटभर मदतीनं खरंच एखाद्या पोराच्या पोटात काही जातं का? आणि पैशांव्यतिरिक्त हातून काही होण्यासारखं आहे का?

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. 'हे सरकारनं बघायचं' एवढंच सांगायचं असेल तर ते मलाही कळतं.

रानजाई

मेघना, वयानं मोठी आहे म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.

मी नर्स. २०११ मध्ये सोमालियात दुष्काळ पडला आणि माणसं चालत चालत सीमा ओलांडून केनियात आली, तेव्हा मी दादाबच्या निर्वासित छावणीत होते, लहान मुलांच्या पोषण केंद्रात. त्यामुळे मी सांगेन ते तिथल्या खाटांशेजारी उभं राहून दिसलेलं सांगेन.

पहिली गोष्ट, दूध पावडर नको. मैत्रिणीची इच्छा चांगली आहे, पण तिला थांबव. पावडर कालवायला पाणी लागतं आणि तिथलं पाणी गढूळ असतं. ते उकळायला सरपण नसतं, बाटली धुवायला वेगळं पाणी कुठून आणणार? बाळाला जुलाब लागतात आणि उपाशी बाळाला दोन दिवसांचे जुलाबही झेपत नाहीत. शिवाय बाळ बाटलीला लागलं की आईचं दूध आटत जातं, आणि डबा संपला की दोन्ही गेलं. उपाशी आईलाही दूध येतं, हे लोकांना खरं वाटत नाही. आईला खायला-प्यायला घाला, बाळाचं ती बघते. आणीबाणीत दूध पावडर आणि बाटल्या दान म्हणून मागू नयेत, घेऊ नयेत, असा आंतरराष्ट्रीय दंडकच आहे. आईच नसलेल्या बाळांची सोय वेगळी करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरी गोष्ट. उपासमारीत माणसं थेट भुकेनं मरतात असं आपल्याला वाटतं. बहुतेक मुलं जातात ती गोवर, जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया यांनी. अंगात लढायला काही उरलेलंच नसतं. त्यामुळे लस, क्लोरीन टाकलेलं पाणी, जलसंजीवनीची पुडी, संडास, ही सगळी दुष्काळातली मदतच आहे. एखादी संस्था 'आम्ही पाण्याचं काम करतो' म्हणाली तर ती अन्न देत नाही म्हणून तिला बाजूला सारू नकोस.

आता तुझ्या चिमूटभर मदतीचं. आमच्याकडे मूल आलं की आधी त्याच्या डाव्या दंडाला एक कागदी पट्टी गुंडाळायची. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग. घेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की लाल. तुझ्या मनगटाला दोरा लावून बघ, तुझं मनगटही त्याहून जाड निघेल. इथं आपण दंडाबद्दल बोलतोय. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून ठेवायचा. दाबलेल्या जागी खळगा तसाच राहिला तर सूज आहे, मूल गुबगुबीत दिसत असलं तरी ते अतिशय आजारी आहे. आता तर आयांनाच ही पट्टी शिकवतात, म्हणजे केंद्रापर्यंत चालत येण्याआधीच घरी कळतं.

त्यानंतर भुकेची परीक्षा. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं यांची दाट पेस्ट असलेलं ९२ ग्रॅमचं पाकीट असतं, त्यात साधारण ५०० कॅलरी. पेस्टमध्ये पाणी नसल्यानं जंतू वाढत नाहीत, आणि कालवायचं नाही, शिजवायचं नाही. आई कोपरा फाडते आणि बोटानं दाबून दाबून मुलाच्या तोंडात सोडते. मुलानं खाल्लं तर त्याला आठवड्याची पाकिटं देऊन घरी पाठवायचं, सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक मुलं सावरतात. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये ही पेस्ट तयार झाली. त्याआधी अशा प्रत्येक मुलाला कित्येक आठवडे दवाखान्यात ठेवावं लागायचं, आणि एवढ्या खाटा कुठल्याच दुष्काळात नसतात.

आई बोटाला लागलेलं मोठ्या पोराला चाटवते, अर्धं पाकीट त्यालाच देते. तिला रागावायचं नसतं. त्या घराला शिधा द्यायचा असतो, म्हणजे धाकट्याचं पाकीट धाकट्यालाच जातं. म्हणून 'फक्त मुलांसाठी' असं बंधन घालून पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

जे मूल खायचंच नाकारतं ते दाखल. त्याला पातळ औषधी दूध, मोजून, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एका बाळाची आजी माझ्या हातातला कप बघून भडकली होती. एवढंसं? एवढं लांब चालत आणलं ते यासाठी? दुभाष्यानं तिला खाली बसवून समजावलं की एकदम भरपूर दिलं तर क्षार बिघडतात, हृदय दगा देतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या काही जणांचा जीव असाच, सैनिकांनी कळवळून दिलेलं जड अन्न खाऊन गेला. आजी पटल्यासारखी मान हलवून बसली, पण प्रत्येक वेळी कप वाकून बघायचीच. तिसऱ्या दिवशी ते बाळ मोठ्यांदा रडायला लागलं. फार खंगलेली मुलं रडत नाहीत, त्यामुळे अख्ख्या वॉर्डानं वळून बघितलं.

आता हिशेब कर. तो कप म्हणजे दूध, त्यासाठीचं स्वच्छ पाणी, रात्रपाळीची नर्स, आजीला समजावणारा दुभाषी, आणि हे सगळं जिथं पोहोचलं त्या रस्त्यावरचं डिझेल. बिस्किटांच्या पुड्यांतून यातलं काही उभं राहत नाही. पैशांतून राहतं. तुमच्या ऑफिसच्या पैशांतून एखाद्या मुलाची पाकिटं नक्की निघतील.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: लवकर द्या. सोमालियात दुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ ला. पाऊस २०१० च्या अखेरीसच हुकला होता, इशारे त्याच्याही आधीपासून दिले जात होते. त्या दुष्काळात अंदाजे २ लाख ५८ हजार माणसं गेली, निम्म्याहून जास्त पाच वर्षांच्या आतली. जवळपास निम्मे मृत्यू जाहीर होण्याच्या आधीच झाले होते. जगाचा पैसा आला तो जाहीर झाल्यावर, टीव्हीवर चित्रं दिसल्यावर. आमच्याकडे तंबू, माणसं, पाकिटं सगळं वाढलं तोवर कितीतरी आया रिकाम्या हातांनी बसलेल्या होत्या.

हिशेबवही

रानजाईंनी 'जाहीर' म्हटलंय त्याबद्दल थोडं. मी मदतकार्याच्या पुरवठा विभागात होतो. गोदाम, ट्रक, पावत्या हे माझं काम.

दुष्काळाचं मोजमाप पाच टप्प्यांत होतं. पाचवा, म्हणजे प्रत्यक्ष दुष्काळ, जाहीर व्हायला किमान २० टक्के घरांना अन्नाची टोकाची टंचाई, किमान ३० टक्के मुलं कुपोषित आणि दर १० हजारांमागे रोज २ मृत्यू, एवढं दिसावं लागतं. म्हणजे तिथवर माणसं मरायला लागलेली असतात. तिसरा टप्पा 'संकट', चौथा 'आणीबाणी'. तुम्ही तिसऱ्या-चौथ्याची बातमी वाचून पैसे द्या. तेव्हा सगळ्याच शेळ्या विकलेल्या नसतात, सगळंच बियाणं खाल्लेलं नसतं, तोच पैसा कितीतरी जास्त माणसांना पुरतो.

कपड्यांबद्दल: नकोच. बंदरात न मागितलेल्या गठ्ठ्यांचे ढीग मी पाहिलेत. ते उतरवायला हमाल, ठेवायला गोदाम, सोडवायला कागदपत्रं, आणि तेवढ्यात मागची औषधाची पेटी अडकलेली.

रोख रकमेबद्दल लोकांना शंका असते, पण बऱ्याच दुष्काळांत बाजारात धान्य असतं, माणसाच्या हातात पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हेच दाखवलं. अशा ठिकाणी घराला रोख दिली तर ते घर स्वतः खरेदी करतं, गावातला व्यापारीही टिकतो. सोमालियात २०११ मध्ये हवाला व्यापाऱ्यांमार्फत अशी रोख पोहोचवली होती. अल-फाशरसारख्या वेढ्यात मात्र एकट्या रोखीनं भागत नाही. माल आतच येत नसेल तर भाव तेवढे चढतात. तिथं रस्ता उघडणं हाच उपाय.

संस्था निवडताना मी एवढंच बघतो की ती संकटाआधीपासून त्या देशात काम करत होती का, लेखापरीक्षण झालेले हिशेब उघड मांडते का, आणि अहवालात काय जमलं नाही तेही लिहिते का. 'प्रशासनावर किती खर्च' हा प्रश्न लोक हटकून विचारतात, पण गोदामाचा कारकून आणि हिशेबनीस नसेल तर चोरी कोण पकडणार? एकरकमी देण्यापेक्षा दरमहा थोडं द्या, आणि शक्यतो कामाचं बंधन न घालता. पुढच्या महिन्यात पैसे येणार हे माहीत असेल तर संस्था माल आधी मागवू शकते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या खाते क्रमांकावर काही पाठवू नका, संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच द्या.

विक्रम_७४

मेघनाच्या ऑफिसातला तिसरा माणूस म्हणतोय ते कुणीच बोलत नाहीये. हा दुष्काळ पावसानं पडलेला नाही, माणसांनी पाडलाय. अशा ठिकाणी मदत म्हणजे लढणाऱ्यांना रसद. इथिओपियात १९८४-८५ च्या दुष्काळात मदतीचं काय झालं ते वाचा. मनापासून विचारतोय, वाद घालायचा नाही.

रानजाई

विक्रम, शंका रास्त आहे. काही मदत वाटेत लुटली जाते, काहींवर कर वसूल होतो, हे कुणी नाकारू नये. पण सुदानमध्ये काय चाललंय ते बघा. १५ एप्रिल २०२३ ला लढाई सुरू झाली तेव्हा मोठ्या संस्थांची परदेशी माणसं बाहेर पडली. गल्लीतली पोरं मागे राहिली. आधीच्या लोकशाहीच्या आंदोलनात एकमेकांना ओळखणारी, कुणी विद्यार्थी, कुणी शिक्षक, कुणी मेकॅनिक. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात आपत्कालीन मदत कक्ष काढले आणि सामुदायिक चुली पेटवल्या. मोबाइलवरून पैसे येतात, जवळच्या बाजारातून डाळ-धान्य घेतात, मोठ्या पातेल्यात शिजवतात, दारात रांग लागते, संध्याकाळच्या आत पातेलं रिकामं.

शिजवलेलं अन्न पोत्यात भरून ठेवता येत नाही, दुसऱ्या शहरात नेऊन विकता येत नाही. लुटणाऱ्याच्या ते फारसं कामाचं नाही. धान्याचा ताफा लुटणं आणि शंभर गल्ल्यांतली शंभर पातेली लुटणं यांत फार फरक आहे. त्या पोरांना अटका झाल्यात, काही मारली गेलीत, तरी काम चालू आहे. ती रसद पुरवत नाहीत, शेजाऱ्याला जेवू घालतात.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत एकदम थांबवली तेव्हा यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. जी टिकली त्यांतली बरीच परदेशात असलेल्या सुदानी लोकांच्या आणि साध्या देणगीदारांच्या पैशांवर. मेघना, 'आमच्या चिमटीनं काय होणार' याला माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही.

तुमच्या ओळखीत कुणी सुदानी विद्यार्थी, सहकारी, शेजारी असेल तर त्याच्याशी बोला. आपल्या गल्लीतलं स्वयंपाकघर कोण चालवतं हे त्याला माहीत असतं. आणि त्याची स्वतःचीही चौकशी करा. घरून येणारे पैसे थांबलेले असतात आणि उलट त्याच्याकडूनच घरची माणसं आशा करत असतात. त्याची फी, त्याचं भाडं हीसुद्धा दुष्काळातलीच मदत.

जुनेकागद

पैशांव्यतिरिक्त काय, या प्रश्नावर. मी इतिहास शिकवतो, म्हणून जुनी उदाहरणं देतो.

बंगालमध्ये १९४३ साली कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती आणि सरकार दुष्काळ हा शब्द उच्चारायला तयार नव्हतं. २२ ऑगस्टला 'द स्टेट्समन'नं रस्त्यावरच्या माणसांची छायाचित्रं छापली. ती बाहेर पोहोचली, मग लंडनमध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले. २० ते ३० लाख माणसं गेली त्या दुष्काळात. मदत उशिरा आली, पण ती हलली ती लोकांना कळल्यावर.

त्याच्या आदल्या वर्षी, १९४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये उपासमार चालली होती आणि दोस्तराष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे अन्न आत जात नव्हतं. ऑक्सफर्डमधल्या काही नागरिकांनी समिती काढली. पैसे गोळा केलेच, पण पहिली मागणी आपल्याच सरकारकडे केली, की नाकेबंदीतून अन्न जाऊ द्या. युद्ध चालू असताना, शत्रूच्या ताब्यातल्या देशासाठी! आजची ऑक्सफॅम ती हीच.

हेच आजही करता येतं. चाडमधून सुदानच्या दारफुर भागात जाणारा अद्रेचा मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये मदतीसाठी बंद झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये, बाहेरचा दबाव वाढल्यावर, उघडला. उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरण्याचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव २४१७ मे २०१८ चा आहे. लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचं तर 'काहीतरी करा' असं लिहू नका. मार्गाचं नाव घ्या, ठरावाचा क्रमांक घाला आणि आपल्या सरकारनं अमुक बैठकीत हा विषय मांडावा अशी एकच मागणी करा. एका ऑफिसातून वीस जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली वीस पत्रं एका छापील निवेदनापेक्षा जास्त वाचली जातात.

चिमूटभर मदतीवरूनही एक सांगतो. आयर्लंडच्या दुष्काळात, १८४७ मध्ये, अमेरिकेतल्या चोक्टॉ या आदिवासी लोकांनी आपसांत १७० डॉलर जमवून पाठवले. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांना स्वतःच्या जमिनीवरून हुसकून लावलं होतं, वाटेत त्यांची हजारो माणसं भुकेनं आणि थंडीनं मेली होती. दहा लाख माणसं जिथं मेली तिथं १७० डॉलर म्हणजे काय? पण २०२० मध्ये कोविडनं नावाहो आणि होपी लोकांना गाठलं तेव्हा हजारो आयरिश माणसांनी ती १७० डॉलरची आठवण ठेवून पैसे पाठवले. आपली मदत कुणाच्या मोजदादीत येते आणि किती काळ राहते, ते देताना कळत नाही.

मेघना_आर

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा आज ऑफिसात वाचून दाखवला. वस्तू गोळा करणं रद्द. सगळ्यांनी दरमहा थोडं थोडं द्यायचं ठरलं, अर्धं एका वैद्यकीय संस्थेला आणि अर्धं गल्लीतल्या स्वयंपाकघरांना पोहोचवणाऱ्यांना. पत्रंही लिहिणार आहोत. तो तिसरा सहकारी पत्रांचं काम बघतो म्हणाला!

रानजाईताई, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. माहितीफलकावर तिथल्या मुलांचे फोटो लावावेत का? आणि सहा महिन्यांनी बातम्या थांबल्या की लोक पैसे देणं थांबवतील, तेव्हा त्यांना काय सांगू?

रानजाई

फोटो नको. उघडं, हाडं दिसणारं मूल कुणाचं तरी आहे आणि त्याच्या आईला कुणी विचारलेलं नसतं. शिवाय नेटवर फिरणारे बरेच फोटो जुने, भलत्याच देशातले असतात. एक खोटा निघाला की तुमच्या खऱ्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दंडाच्या पट्टीचं चित्र लाव. कागदाची पट्टी कापून तिचं ११५ मिलिमीटरचं कडं करून टेबलावर ठेव, लोक आपणहून उचलून बघतील आणि विचारतील.

सहा महिन्यांचं म्हणशील तर १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटामध्ये ३६ तरुण स्वतःहून उपासमारीच्या प्रयोगात दाखल झाले होते. लढायला नकार दिलेली मुलं ती. युद्धानंतर भुकेलेल्या युरोपला अन्न कसं द्यायचं हे डॉक्टरांना कळावं म्हणून २४ आठवडे अर्धपोटी राहिली. पोटभर खायला मिळायला लागल्यावरही त्यांना पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले, आणि ती तर धडधाकट माणसं होती, डोक्यावर छप्पर असलेली. आमच्याकडून बरं होऊन गेलेली काही मुलं पुन्हा लाल पट्टीत यायची, कारण घरी शेळी नव्हती, पेरायला बी नव्हतं. पाऊस पडला तरी पीक हाती येईपर्यंतचे महिने सगळ्यात वाईट. म्हणून आत्ताच सगळ्यांकडून निदान दीड-दोन वर्षांची कपात ठरवून घे, म्हणजे दर महिन्याला नव्यानं कुणाच्या मागे लागायला नको. नव्यानं रुजू होणाऱ्यांनाही पहिल्याच आठवड्यात विचारा.

पत्राचा मसुदा झाला की इथेच टाक. मार्गाचं नाव आणि तारखा जुनेकागद तपासून देतील, वैद्यकीय भाग मी बघते.